पाकीट विकलं, परवाना कुणी विकला?



आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा भाईंदरजवळ मुर्ध्याला भाड्याच्या खोलीत राहून नोकरी शोधतो आहे. कापसाला भाव असता तर तो तिथे गेलाच नसता, पण ते असो. बापाने पाठवलेले तीन हजार रुपये त्याने मोबाइलवरच्या एका जाहिरातीला दिले. बदल्यात शेकडो पुस्तकं आणि शिकवणीच्या व्हिडिओंचा गठ्ठा मिळाला. वर आश्वासन, ‘पुनर्विक्रीचा हक्क तुमचा. कितीही विका, नफा तुमचा.’ बाप आम्हाला विचारतो, हे खरं का?

माल घेऊन नफ्याने विकण्याला पाप म्हणणाऱ्यांशी आम्ही आयुष्यभर भांडलो. तेव्हा धंद्याला आमचा विरोध नाही. पण विकणाऱ्याकडे जे नाही ते तो विकणार कसा?

बियाण्यावरून बघा. मालदांडी ज्वारीचं घरचं बी आपण ठेवतो, पेरतो, शेजाऱ्याला देतो, विकतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाने संरक्षित वाणाच्या बियाण्यावरही शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला. अट एवढीच, की ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. कपाशीत गोष्ट वेगळी. २०१६ साली सरकारने बीजी-२ च्या पाकिटाला कमाल ८०० रुपये भाव ठरवला, त्यात ४९ रुपये निव्वळ तंत्रज्ञानाचे. (२०२० साली ते शून्यावर आले.) कृषी केंद्रवाला पाकीट विकतो. ते जनुक घालून वाण काढायचा परवाना बियाणे कंपनीने वेगळा घेतलेला असतो. पाकीट ही एक वस्तू, परवाना दुसरी.

आता मोबाइलवरचा माल घ्या. पाकीट विकलं की हातून गेलं. फाइल विकली तरी आपल्यापाशी राहते, घेणाऱ्याकडे जाते ती नवी नक्कल. म्हणजे ही पुनर्विक्री नव्हेच, छपाई आहे! आणि छपाईला मालकाची परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा परवाना लेखी असावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. खरे परवानेही असतात. त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की विकता येईल पण मजकूर बदलता येणार नाही, किंवा तुमच्या गिऱ्हाइकाला पुढे विकता येणार नाही.

परवाना नसताना जाणूनबुजून विकणाऱ्याला ६३ व्या कलमाखाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. गठ्ठा विकणारा नाव बदलून मोकळा होतो. पैसे ज्या पोराच्या खात्यात आले, त्याचं नाव, पत्ता, नंबर सगळं बँकेत असतं. ‘स्वतः मालक बना’ म्हणणाऱ्यांना नेमकं हेच पोर हवं असतं. बापाच्या कापसाच्या पट्टीवर डोळा ठेवून ही जाहिरात बनलेली आहे.

आम्ही मुलाला सांगितलं, मूळ लेखकाचा परवाना माग. उत्तर आलं, ‘सगळेच विकतात.’ दुसऱ्यांदा मागितल्यावर त्याचा नंबर बंद केला.

ज्यांच्या घरी असा गठ्ठा घेतला असेल त्यांनी तो पुढे विकू नये. पैसे दिल्याची पावती आणि बोलणं मोबाइलमधून पुसू नये, जिल्हा बैठकीला घेऊन यावं. पोरांनाही सोबत आणावं. त्यांना रागावून घरी बसवलं तर ती येणार नाहीत.