मानेची गादी सरकली, मग ऑपरेशनच करायचे?

एम.आर.आय.चा लिफाफा घरी येतो आणि घराचे वातावरणच बदलते. अहवालात ‘डिस्क बल्ज’, ‘नर्व्ह रूट कॉम्प्रेशन’ असे शब्द असतात. बेळगावहून आईचा फोन येतो, “अगं, आधी ती जाड उशी काढून टाक. आणि ऑपरेशनला एकदम हो म्हणू नकोस बाई!” नवरा सर्जनची नावे शोधत बसलेला असतो. सासूबाई कोमट तेलाची वाटी घेऊन उभ्या असतात. बंगळूरमध्ये असे घर आता शोधावे लागत नाही. दिवसाचे नऊ-दहा तास संगणकापुढे आणि संध्याकाळी सिल्क बोर्डच्या गर्दीत दुचाकीवर तासभर, म्हटल्यावर मानेची तक्रार घरोघरी असणारच.

पण मान दुखणे वेगळे आणि गादी सरकणे वेगळे. मानेत सात मणके असतात. सर्वांत वरचा सोडला तर प्रत्येक मणक्याखाली एक गादी असते. तिचे बाहेरचे कवच चिवट आणि आतला गर मऊ. वय वाढते तसे गरातले पाणी कमी होते, कवचाला चिरा पडतात आणि एखाद्या दिवशी गर बाहेर डोकावतो. तो शेजारच्या नसेवर टेकला की कळ मानेतून खांद्यात आणि तिथून हातात उतरते. अंगठ्याकडे मुंग्या आल्या तर बहुधा सहावी नस, मधल्या बोटात आल्या तर सातवी, असा अंदाज डॉक्टर बांधतात. (आपल्याकडे “मणक्यात गॅप आलाय” असे म्हणतात. प्रत्यक्षात उलटे घडलेले असते. गादी चेपल्यामुळे दोन मणक्यांतले अंतर कमी झालेले असते.)

हातात मुंग्या म्हणजे मानच, असेही नाही. मनगटातली नस दबली तरी रात्री बोटे बधिर होतात. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत जडपणा, घाम, धाप असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करावी.

अहवालाची भीती किती बाळगायची? जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एम.आर.आय. काढण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दहापैकी जवळजवळ नऊ जणांच्या गाद्या थोड्याफार फुगलेल्या आढळल्या. ही माणसे दुखण्याशिवाय हिंडत-फिरत होती. म्हणून चांगला डॉक्टर फोटोवर नजर टाकतो, पण निर्णय रुग्णाचा हात, पाय आणि चाल तपासून घेतो. रुग्णाला हात न लावता, नुसता फोटो उजेडात धरून ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून उठून दुसऱ्याचे मत घ्यायला संकोच कशाला?

पहिले सहा आठवडे

गादीमुळे हात दुखणाऱ्या बहुतेकांना काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर आपणच शोषून घेते. तोवरचा काळ सुसह्य करणे, हेच औषधांचे काम. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात. पण आम्लपित्त, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असलेल्यांनी त्या दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत. नसेच्या कळेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी झापड येते, तेव्हा त्या घेऊन दुचाकी चालवू नये.

कॉलरविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. नेदरलँड्समध्ये २०५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००९) असे दिसले, की दुखणे नवे असताना तीन ते सहा आठवडे कॉलर आणि विश्रांती, किंवा फिजिओथेरपी, यांपैकी काहीही केले तरी नुसते थांबण्यापेक्षा लवकर आराम पडतो. मात्र कॉलर महिनोन्‌महिने लावून बसल्यास मानेचे स्नायू आळसावतात. वजन लावून मान ताणण्याचा गुण काहींना येतो, काहींना अजिबात येत नाही. मणक्याजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन हा पुढचा टप्पा. त्याने कळ काही काळ दबते, पण मानेत ते देताना क्वचित गंभीर इजा होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशाराही दिला होता. तेव्हा हे इंजेक्शन द्यायचे तर अनुभवी हातानेच.

आणि मान मोडून घेणे? ते कटाक्षाने टाळावे. २०२४ साली बंगळूरमध्ये केस कापायला गेलेल्या एका तिशीतल्या तरुणाची मान न्हाव्याने मालिश करता करता पिळली. काही तासांतच त्याची वाचा गेली आणि शरीराची एक बाजू लुळी पडू लागली. मानेतली रक्तवाहिनी फाटून त्याला पक्षाघात झाला होता. उपचारांनी तो सावरला, पण पुढचे दोन महिने घरी काढावे लागले. त्याची गादी बिघडलेली नव्हती, मान धडधाकट होती. मग दुखऱ्या मानेला झटका देण्याचे धाडस कुणी का करावे?

योगासनांचे काय, हा प्रश्न बंगळूरमध्ये हमखास निघतो, कारण शहराजवळ जिगणीला स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थान आहे. तिथल्या संशोधकांनी मानदुखीच्या ६० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना दहा दिवस नेहमीची फिजिओथेरपी दिली. त्यानंतर एका गटाला नादावर आधारलेले शिथिलीकरण करवले, दुसऱ्याला नुसते पडून राहायला सांगितले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाच्या वेदना आणि मनावरचा ताण अधिक कमी झाल्याचे दिसले. हा अभ्यास साध्या मानदुखीचा होता, सरकलेल्या गादीचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मात्र नस दबलेल्या माणसाने करू नयेत, शिक्षक कितीही नामवंत असोत.

थांबू नये अशी वेळ

इथवर ‘धीर धरा’ असे सांगितले. ते एका प्रकाराला लागू नाही. गर बाजूच्या नसेऐवजी मागच्या मज्जारज्जूवरच दाबत असेल, तर वेदना कदाचित फार होणारही नाही, आणि धोका इथेच असतो. ब्लाउजचा हूक, शर्टाचे गुंडी-काज जमेनासे होते. कांदा चिरताना सुरी निसटते, सही बदलते, अंधारात तोल जातो, पाय ताठरतात. घरची माणसे “वय झालं आता” म्हणून सोडून देतात. डॉक्टर एक सोपी चाचणी करतात: दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण मिटता-उघडता येते? साधारण वीस वेळा जमायला हवे. बोटे अडखळू लागली असतील, हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मालिश, काढे, आसने सगळे ठेवून न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन गाठावेत. इथे ऑपरेशनचा पहिला उद्देश आणखी नुकसान थांबवणे हा असतो. गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही, म्हणून उशीर महाग पडतो.

अशा रुग्णाला बंगळूरच्या निम्हान्समध्ये पाठवले की जुन्या पिढीचा चेहरा उतरतो, कारण त्यांच्या लेखी ते ‘वेड्यांचे इस्पितळ’. तिथल्या जुन्या मनोरुग्णालयाचे आणि मानसिक आरोग्य संस्थेचे १९७४ साली एकत्रीकरण होऊन ही संस्था झाली हे खरे. पण मेंदू आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियांसाठीही दूरदूरचे रुग्ण तिथे येतात.

नेहमीचे ऑपरेशन गळ्याच्या पुढून होते. बिघडलेली गादी काढून त्या जागी हाडाचा तुकडा किंवा लहानसा पिंजरा बसवतात आणि दोन मणके जोडून टाकतात. ही पद्धत १९५० च्या दशकापासूनची. नंतर काही दिवस आवाज घोगरा होणे, घास अडकल्यासारखे वाटणे असे होऊ शकते. तंबाखू-सिगारेट चालू असेल तर हाड नीट जुळत नाही. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या गादीवर पुढे ताण येऊ शकतो. तो टाळण्यासाठी हलणारी कृत्रिम चकती निघाली. अमेरिकेत तिला पहिली मान्यता २००७ साली मिळाली. पण हाडे ठिसूळ किंवा सांधे झिजलेले असतील तर ती बसवत नाहीत, आणि तिचा खर्चही जास्त. अनेक ठिकाणी दाब असेल तर काही वेळा मागच्या बाजूने जागा मोकळी करतात.

मानेला सुरी लागली म्हणजे माणूस कायमचा अधू, ही समजूत मात्र जुनी झाली. अमेरिकी फुटबॉलपटू पेटन मॅनिंग याच्या मानेचे मणके २०११ साली जोडले गेले. तो पूर्ण हंगाम त्याने बाहेर बसून काढला, आणि २०१६ साली त्याच्या संघाने तिथली सर्वोच्च स्पर्धा जिंकली तेव्हा तो मैदानात होता.

सर्जनपुढे बसल्यावर विचारावे ते हे: ऑपरेशन हाताच्या कळेसाठी आहे, मज्जारज्जूवरचा दाब काढण्यासाठी, की नुसत्या मानदुखीसाठी? हाताच्या कळेला त्याचा चांगला गुण येतो. मज्जारज्जूसाठी ते टाळता येत नाही. नुसत्या मानदुखीला मात्र त्याचा भरवसा कमी, आणि तेव्हा आणखी सहा आठवडे व्यायाम करून पाहू, असे म्हणायला हरकत नसते.