कोर्टात कुत्रा? हो, कोर्टातच!

२०२३ साली मुंबई विमानतळावर थेरपी डॉग्ज आले. वैतागलेल्या प्रवाशांनी त्यांना कुरवाळायचं, सेल्फी काढायचे आणि शांत व्हायचं. काही कंपन्यांतही शुक्रवारी कुत्र्याची पिल्लं आणून ताण घालवण्याचे कार्यक्रम होतात. छान आहे, माझी तक्रार नाही. पण मंडळी, मग मला एक सांगा. ज्या सात वर्षांच्या पोरीला न्यायाधीश आणि वकिलांसमोर बसून "त्या काकांनी नेमकं काय केलं" हे सांगायचं असतं, तिच्या पायाशी कुत्रा का नाही? विमान लेट झालेल्या माणसाचा ताण मोठा की हिचा?

हसू नका. हा विनोद नाही, वीस वर्षांहून जास्त काळ चाललेली गोष्ट आहे. २००३ साली अमेरिकेत सिअॅटलच्या सरकारी वकील एलन ओ'नील-स्टीफन्स आपल्या मुलाचा मदतनीस कुत्रा, जीटर, बालन्यायालयात घेऊन जायला लागल्या. तो जवळ असला की घाबरलेली मुलं बोलती होतात हे त्यांच्या लक्षात आलं. २००४ मध्ये त्याच किंग काउंटीच्या सरकारी वकिलांच्या ऑफिसात एली नावाची कुत्री रीतसर कामाला लागली. यांना म्हणतात 'फॅसिलिटी डॉग'. म्हणजे कुणाच्या तरी घरचा गोड टॉमी नव्हे. सुमारे दोन वर्षं शिकवलेला, बहुतेक वेळा लॅब्रॅडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर, आणि याच क्षेत्रात नोकरी करणाऱ्या माणसाबरोबर रोज कामावर येणारा.

काम काय? काहीच न करणं! तो पिंजऱ्यात साक्षीदाराच्या पायाशी आडवा पडतो. भुंकत नाही, हलत नाही. ज्यूरी आत यायच्या आधीच त्याला आणून बसवतात, म्हणजे शक्यतो तो कुणाच्या नजरेतही येत नाही. मुलाने हात खाली घातला की मऊ केस लागतात. बस्स.

यावर आरोपीच्या वकिलांनी आरडाओरडा केलाच. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रोझी नावाची गोल्डन रिट्रीव्हर १५ वर्षांच्या मुलीजवळ बसली. बचाव पक्ष म्हणाला, कुत्रा बघून ज्यूरी विरघळते आणि साक्षीदार खराच वाटतो. २०१३ मध्ये अपील कोर्टाने हे म्हणणं फेटाळलं. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही एलीच्या हजेरीला मान्यता दिली. तिथे साक्षीदार तर लहान मूलही नव्हतं, बौद्धिक अपंगत्व असलेला प्रौढ माणूस होता, आणि गुन्हा घरफोडीचा. २०१९ मध्ये अमेरिकेने संघीय न्यायालयांसाठी यावर कायदाच केला.

आता गंमत बघा. या सगळ्या भांडणात बचाव पक्षाचा सगळ्यात दमदार मुद्दा ज्यूरीचा होता. आपल्याकडे ज्यूरी आहेच कुठे? निकाल देतो तो कायदा शिकलेला न्यायाधीश. तो लॅब्रॅडॉर बघून आरोपीला आत टाकेल असं ज्यांना वाटतं, त्यांची तक्रार कुत्र्याबद्दल नाही, न्यायाधीशांबद्दल आहे.

बरं, आपला कायदा काय म्हणतो? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती साक्षीच्या वेळी सोबत बसू शकते. वकिलाने थेट प्रश्न विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. आरोपी मुलाच्या नजरेसमोर नको. उत्तम कायदा आहे. पण सोबत आई बसली की बचावाचा ठरलेला आरोप तयार असतो: "आईने पढवलंय!" समुपदेशक बसली तर तिने पढवलंय. कुत्रा मात्र कुणालाच पढवू शकत नाही. त्याला केस माहीत नसते, तो खुणा करत नाही, उद्या त्याला साक्षीला बोलावता येत नाही. पूर्णपणे तटस्थ असा आधार दुसरा कुठला आहे? असेल तर सांगा. आणि कलमात कुत्र्याचा उल्लेख नसला तरी मनाईही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात नाजूक स्थितीतल्या साक्षीदारांसाठी किमान दोन विशेष केंद्रं उभारायला सांगितली. तो खटला महाराष्ट्रातलाच होता. पीडित मुलगी मूकबधिर आणि मतिमंद, तिची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयात आरोपी सुटला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. २०२२ मध्ये पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात त्या केंद्रांसाठी आणखी आदेश निघाले. म्हणजे खोली हवी हे मान्य, पडदा हवा हे मान्य. मग त्या खोलीत एक जिवंत, उबदार प्राणी असायला काय हरकत आहे?

हरकती मला माहीत आहेत. "आधी खटले तरी वेळेत चालवा." जरूर चालवा! पण साक्षीच्या दिवशी मूल गप्प बसलं तर खटला जलद चालून उपयोग काय? "काही मुलं कुत्र्याला घाबरतात." मग त्यांच्यासाठी आणू नका, सक्ती कुणी केलीये? "आपल्याकडे कुत्रा म्हटलं की भटके आणि रेबीज." खरंय, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आपण त्यावर भांडलो. पण लस टोचलेला, शिकवलेला कुत्रा आणि गल्लीतली टोळी यात फरक आहे, तेवढा आपल्याला कळतो.

शिवाय मुंबईला झंजीर विसरला का? १९९३ च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढणारा लॅब्रॅडॉर, पुण्याच्या शिवाजीनगरला शिकलेला. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना दिली. बॉम्ब शोधायला कुत्र्यावर विश्वास टाकतो आणि मुलाजवळ नुसतं बसायला नाही? हुंगण्याचं आणि बसण्याचं शिक्षण वेगळं असतं हे मान्य, पण कुत्रा आणि माणूस जोडीने घडवायची परंपरा आपल्याकडे आहे.

आणि हो, पोलीस! अमेरिकेत कित्येक पोलीस खात्यांत असे कुत्रे गोळीबारानंतर, भीषण अपघातानंतर पोलिसांजवळ आणि कंट्रोल रूममध्ये जाऊन बसतात. आपला हवालदार मेलेलं मूल उचलून आणतो आणि दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला उभा राहतो. त्याला समुपदेशकाकडे जायची लाज वाटेल, कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवायची वाटणार नाही.

मागणी छोटी आहे. मुंबई, पुणे, नागपूर या तीन शहरांत एकेक कुत्रा, एकेक शिकलेला हँडलर, न्यायाधीशांची परवानगी आणि मुलाची मर्जी. दोन वर्षं करून बघा. नाही जमलं तर बंद करा. आपण आयटीवाले याला पायलट म्हणतो, आणि याहून फालतू गोष्टींसाठी रोज एक काढतो.