प्रयोग पुरे झाले, आता बस द्या

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री तथा खासदार, नागपूर

विषय: जरीपटक्याला आणि सगळ्या नागपूरलाच न मिळालेली पुरेशी शहर बस

सन्माननीय गडकरी साहेब,

कामठी रोडवर खाली जुना रस्ता आहे, त्यावर गाड्यांचा पूल आणि त्याहून वर मेट्रो. गड्डीगोदामला मधून रेल्वेही जाते, म्हणून तिथे चार मजले मोजता येतात. 2024 मध्ये या पुलाचे उद्घाटन तुमच्याच हस्ते झाले. साडेपाच किलोमीटरहून लांब असे हे बांधकाम पाहायला बाहेरगावचे अभियंते येतात. आम्ही जरीपटक्याची माणसे मात्र त्याच रस्त्याच्या कडेला उभे राहून शेअर ऑटोत चौथी सीट मिळते का ते पाहतो. सीताबर्डीला जायचे, इतवारीत दुकानावर कामाला जायचे, मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात पेशंट न्यायचा, तर बस येईल याची खात्री धरून घराबाहेर पडता येत नाही. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, पोच घेतली. उत्तर आले नाही, म्हणून आता जाहीरपणे लिहितो आहोत.

शहर बस हा महापालिकेचा विषय आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. त्या काळात बस बुडाली तर जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. खासदार मात्र होते आणि ते तुम्ही आहात. शिवाय नागपूरच्या वाहतुकीत तुम्ही हात घातला नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. त्यामुळे हा प्रश्न दुसऱ्याचा आहे, असे तुम्हाला म्हणता येणार नाही.

प्रत्येक नवी गोष्ट तुम्ही आधी नागपुरात आणली. ऑगस्ट 2014 मध्ये इथेनॉलवरची बस आली, देशातली पहिली. 55 हिरव्या बस धावतील असे ठरले, 25 आल्या आणि ऑगस्ट 2018 मध्ये थकबाकीच्या आणि सोयीसुविधांच्या वादात त्या बंद पडल्या. मे 2017 मध्ये टॅक्सींसह 200 विजेच्या गाड्यांचा ताफा आला, तोही देशातला पहिला म्हणून. चार्जिंगच्या रांगांना कंटाळून चालकांनी वर्षभरात गाड्या परत करायला घेतल्या. 2018 मध्ये ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला, वर्धा-रामटेकचे लोक त्या गाडीची वाट पाहत राहिले. नंतर 130हून अधिक आसनांच्या, थांब्यावर काही सेकंदांत चार्ज होणाऱ्या बसची घोषणा झाली. यातली प्रत्येक कल्पना चांगली होती. पण कल्पनेचा शुभारंभ होतो तेव्हा मंत्री येतात, आणि ती बंद पडते तेव्हा थांब्यावर आम्ही असतो.

आता आकडे पाहू. ते केंद्र सरकारचेच आहेत.

शहरी वाहतुकीचे सेवास्तर मोजण्यासाठी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने मापदंड ठरवून दिले आहेत. हजार लोकसंख्येमागे 0.6 किंवा त्याहून जास्त बस असतील तर पहिली श्रेणी, 0.4 ते 0.6 असतील तर दुसरी, 0.2 ते 0.4 असतील तर तिसरी. त्याखाली सगळ्यात वाईट, म्हणजे चौथी. 2011 च्या जनगणनेत नागपूर महापालिकेची लोकसंख्या 24 लाख 5 हजार होती. त्या हिशेबाने पहिल्या श्रेणीसाठी 1443 बस लागतात. दुसऱ्या श्रेणीत पाय टाकायलाही 962 हव्यात. 2017 मध्ये महापालिकेची ‘आपली बस’ ही शहर बससेवा सुरू झाली तेव्हा ताफा होता पाचशेच्या आत. म्हणजे हजार माणसांमागे 0.2, एका बसच्या वाट्याला जवळजवळ पाच हजार माणसे, आणि शहर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या सीमेवर. त्यानंतर जुन्या डिझेल बस भंगारात गेल्या, सीएनजीच्या आल्या, विजेच्या आल्या. पण 962 हा आकडा या शहराने आजवर पाहिलेला नाही. हा हिशेबही 2011 च्या लोकसंख्येवरचा आहे. त्यानंतर नारा, नारी, मानकापूर, कोराडी रोडला किती वस्ती वाढली, हे तुम्ही त्या भागातून जाताना पाहिले असेल.

पैसा नव्हता असे कोणी सांगू नये. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला 8,680 कोटी मंजूर झाले, दुसऱ्याला 6,708 कोटी. दोन्ही मिळून 15,388 कोटी. इंदोऱ्यापासून दिघोरीपर्यंतच्या सुमारे 9 किलोमीटरच्या उड्डाणपुलाला सुमारे 1000 कोटी. विजेवरच्या एका मोठ्या बसची किंमत दीड कोटी धरली, तरी हजार बस 1,500 कोटींत येतात, म्हणजे मेट्रोवर मंजूर झालेल्या रकमेच्या दहाव्या भागात. चालवायचा खर्च दरवर्षी येतो, डेपो लागतात, चालक-वाहकांचे पगार वेळेवर द्यावे लागतात, हे मान्य. तो खर्च टाळण्यासाठीच ताफा छोटा ठेवला जातो, हा आमचा आरोप आहे. बसचा तोटा दरवर्षी मोजला जातो. इंदोऱ्याच्या पुलाने वर्षाला किती कमावले, हे कोणी कधी विचारणार आहे का? पुलावरून गाडीवाला जातो आणि बसमध्ये गाडी नसलेला बसतो, म्हणून हिशेबाचे नियम दोन झाले आहेत.

आम्ही मेट्रोच्या विरोधात नाही. 11 डिसेंबर 2022 रोजी उत्तरेकडचा मार्ग सुरू झाला तेव्हा इंदोरा चौक आणि नारी रोड ही दोन स्टेशने आम्हाला मिळाली, याचा आनंद झाला होता. पण दोन्ही स्टेशने कामठी रोडवर आहेत आणि वस्ती आत आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभे केलेले जरीपटक्याचे मार्केट, त्यापलीकडचा नारा रोड, इकडे इंदोरा आणि बेझनबाग इथून स्टेशनपर्यंत रोज कसे जायचे? मे महिन्यात पारा 45 ओलांडतो तेव्हा म्हाताऱ्या माणसाला चालत जा म्हणता येत नाही. मग आधी ऑटो, मग मेट्रो, उतरल्यावर पुन्हा ऑटो. दिवसाचे 60 रुपये धरले तर 25 दिवसांचे 1,500 होतात, आणि घरातली दोन माणसे कामाला जात असतील तर 3,000. साड्यांच्या दुकानात उभी राहणारी मुलगी एवढे पैसे प्रवासावर घालून घरी काय नेणार? म्हणून घरोघरी हप्त्यावर दुचाकी येते, रस्ता आणखी भरतो आणि त्यावर आणखी एक पूल मंजूर होतो. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात 2006 मध्येच लिहून ठेवले आहे की रस्त्यावरची जागा वाहनांना नव्हे, माणसांना द्यायची. ते धोरण नागपुरात कधी लागू होणार?

भाडे कमी केले तर लोक बसकडे येतात, याला पुरावा महाराष्ट्रातच आहे. जुलै 2019 मध्ये मुंबईत बेस्टने किमान भाडे 8 रुपयांवरून 5 रुपये केले आणि थोड्याच आठवड्यांत रोजचे प्रवासी लाखांनी वाढले. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. पण राज्याची ती सवलत शहर बसला लागू नाही. नागपूरहून काटोलला जाणाऱ्या बाईला सरकार अर्धे तिकीट देते आणि जरीपटक्याहून मेडिकलच्या भागात रोज धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला देत नाही. हा कुठला न्याय?

आमच्या मागण्या चारच आहेत.

1. शहराचा ताफा कोणत्या वर्षी 962 वर आणि कोणत्या वर्षी 1443 वर जाईल, हे तारखेसह जाहीर करा. चालवायच्या खर्चात केंद्र आणि राज्याचा वाटा किती, तेही त्यात लिहा.

2. इंदोरा चौक स्टेशन, जरीपटका मार्केट, नारा रोड, नारी रोड स्टेशन अशी फिरती मिनीबस सकाळी सहापासून रात्री शेवटच्या मेट्रोपर्यंत दर दहा मिनिटांनी सोडा. बस आणि मेट्रोला तिकीट एकच असू द्या.

3. एसटीप्रमाणे शहर बसमध्येही महिलांना अर्धे तिकीट मिळावे, यासाठी राज्य सरकारकडे तुमचे वजन वापरा.

4. रोज किती बस डेपोतून निघाल्या, किती फेऱ्या रद्द झाल्या आणि का, हे दर महिन्याला थांब्यावर लावा. आणि थांब्याला छप्पर असू द्या.

यातल्या एकाही मागणीला नवे तंत्रज्ञान लागत नाही की परदेशी कंपनी लागत नाही. म्हणूनच कदाचित त्या मागे पडतात. एक साधी बस वर्षभर रोज वेळेवर आली, तर त्याचे उद्घाटन करता येत नाही, पण त्या बसवर हजारो घरांचा महिना निघतो. तुम्ही मनात आणले तर काम होते, हे नागपूरकरांनी पुलांच्या बाबतीत पाहिले आहे. बसच्या बाबतीत तुम्ही ते मनात आणले नाही, असेच आम्हाला आजवरच्या आकड्यांवरून म्हणावे लागते. हे चुकीचे असेल तर वर मागितलेल्या दोन तारखा जाहीर करा आणि आम्हाला खोटे ठरवा. त्या तारखा मिळेपर्यंत कामठी रोडवरच्या कोणत्याही नव्या कामाच्या भूमिपूजनाला जरीपटक्यातले लोक हाच कागद घेऊन समोर उभे राहतील.

आपले,
जरीपटक्यातील शहर बसचे प्रवासी
नागपूर