अर्धा ग्रॅम तेल आणि एका जिल्ह्यातील दोन ताटे

१/
२०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राज्यांना एक सूचना केली : शालेय पोषण आहारातील खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांपर्यंत कमी करावा. कारण दिले होते मुलांमधील वाढत्या लठ्ठपणाचे. प्राथमिक शाळेतील मुलामागे तेलाचे ठरलेले प्रमाण दिवसाला ५ ग्रॅम. म्हणजे कपात फार तर अर्ध्या ग्रॅमची. आकडा क्षुल्लक आहे. त्यामागील भीतीला मात्र पाऊण शतकाचा इतिहास आहे. ती कोठून आली आणि पालघर जिल्ह्यात ती कोणी बाळगावी, याविषयी हा धागा.

२/
पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला. त्याच्या पश्चिमेस बोईसर-तारापूर : १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र, औद्योगिक वसाहत, पाळीवर जाणारे कामगार आणि स्थानकाबाहेर सकाळपासून पेटलेल्या कढया. पूर्वेस जव्हार-मोखाडा : डोंगरउतारावरील नाचणी, वरई आणि खुरासणीची शेते, पावसाळा संपताच मजुरीसाठी घर सोडणारी कुटुंबे. ‘रोजच्या जेवणातील मेदाची काळजी करावी का?’ हा एकच प्रश्न या दोन ठिकाणी विचारला, तर उत्तर एक येत नाही.

३/
आधी शब्द स्पष्ट व्हावा. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत संपृक्त मेद, म्हणजे बोलण्यातले सॅच्युरेटेड फॅट, अधिक असते. म्हणून थंडीत ते थिजतात. खोबरेल तेलात त्याचा वाटा सुमारे ९० टक्के, तुपात ६० टक्क्यांच्या वर, पामतेलात जवळपास निम्मा, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवण्याचा आरोप आहे तो या मेदावर.

४/
या आरोपाचा मुख्य फिर्यादी अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सल कीज. दुसऱ्या महायुद्धानंतर सुस्थितीतील अमेरिकी पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने मरू लागले होते. १९५८ पासून कीज आणि सहकाऱ्यांनी सात देशांतील १२ हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास आरंभला. लोणी-दुधावर पोसलेल्या पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकार सर्वाधिक आढळला. क्रीट बेटावर तो अत्यल्प होता, आणि तेथील आहारात तेलाची तर रेलचेल होती. फरक इतकाच, की ते ऑलिव्हचे तेल होते. दोष मेदाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या जातीचा, असा निष्कर्ष निघाला.

५/
कीजने सोयीचे देश निवडले, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचावयास मिळते. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. सहा देशांचा तो वादग्रस्त आलेख १९५३ चा. त्यावर १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलेबो यांनी योग्य टीका केली होती. सात देशांचा अभ्यास त्यानंतरचा आणि स्वतंत्र. त्यालाही मर्यादा आहेत. परंतु एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणे हा इतिहास नव्हे. ध्यानात ठेवावे ते निराळेच : त्या सात देशांत भारत नव्हता, आणि अभ्यासातील पुरुष उपाशी नव्हते.

६/
भारताची नोंद दुसऱ्या वाटेने झाली, आणि ती वाट पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेची आहे. या रेल्वेच्या वैद्यकीय विभागातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दूध-तूप भरपूर खाणाऱ्या उत्तरेपेक्षा बियांची तेले खाणाऱ्या दक्षिणेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे सातपट होते. कीजच्या सिद्धान्ताला हा उघड छेद होता.

७/
तुपाचे समर्थक आज हा अभ्यास विजयपताकेसारखा फडकवतात. तेही घाईचे आहे. मल्होत्रांनी समूहांची तुलना केली होती. एका माणसाच्या ताटाचा त्याच्याच हृदयाशी असलेला संबंध तेवढ्याने सिद्ध होत नाही. उलट फिनलंडमधील उत्तर करेलिया प्रांतात १९७२ पासून लोणी, मीठ आणि तंबाखू कमी करण्याची लोकमोहीम चालली, आणि पुढील काही दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. श्रेय एकट्या लोण्याचे नाही. परंतु लोण्याला त्यातून वगळताही येत नाही.

८/
२०२० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने प्रत्यक्ष चाचण्या एकत्र करून पाहिल्या. संपृक्त मेद किमान दोन वर्षे कमी ठेवल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रसंग सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात. एकूण मृत्यूंवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही, असे त्यात आढळले. भीती निराधार नाही, पण ती प्रलयाचीही नाही. आणि खरा प्रश्न पुढे उभा राहतो : काढलेल्या लोण्याच्या जागी काय आले?

९/
महाराष्ट्रात ते काय आले, याचे उत्तर मुंबईच्या शिवडीत सापडते. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ च्या सुमारास पेटंटबद्ध केली. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी शिवडीत उत्पादन सुरू झाले आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो डबा पुढे घरोघरी पोचला. रिकामा झाल्यावर त्यात तुळसही लावली गेली.

१०/
वाद तेव्हाही पेटला होता. परंतु तो हृदयाचा नव्हता, भेसळीचा होता. १९४६ मध्ये महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीच्या फसवणुकीवर प्रहार केला. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. रासायनिक चाचणीत ते लालसर रंग देते आणि चोरी उघडी पडते. स्वस्त वस्तू महागाच्या नावाने विकली जाऊ नये, एवढीच कायद्याची चिंता होती. स्वस्त वस्तू खाणाऱ्याचे काय होते, हे तोवर कोणी विचारलेच नव्हते.

११/
ते १९९० मध्ये विचारले गेले. नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिले, की तेल अर्धवट घट्ट करताना निर्माण होणारे ट्रान्स मेद घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. म्हणजे संपृक्त मेदापेक्षाही वाईट. भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरली : २०२१ मध्ये ३ टक्के, १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. डालड्याच्या आगमनापासून हा काळ मोजला तर ८५ वर्षे होतात. त्यात ज्यांना तूप परवडत नव्हते, त्यांनीच ही किंमत अधिक मोजली.

१२/
आज वनस्पतीची गादी पामतेलाने घेतली आहे. १९९४ मध्ये त्याची आयात खासगी व्यापाराला खुली झाली आणि इंडोनेशिया-मलेशियातील हे तेल फरसाण, बिस्किटे, खारी आणि खानावळीच्या कढईत स्थिरावले. त्याला ना ताडाच्या झाडाची ओळख, ना दाणेदार तुपाचा सुवास. ते दिसत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही.

१३/
बोईसरच्या कामगाराचे ताट येथे मांडून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेतील संपृक्त मेदाचा वाटा १० टक्क्यांपर्यंतच असावा. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते. घरच्या वरणभातावरील चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, तुपातून सुमारे ३ ग्रॅम मिळते. दिवसभराचे वडे, समोसे, फरसाण यांतून ३० ग्रॅम पामतेल पोटात गेले, तर केवळ त्यातूनच १५ ग्रॅम. आरोप तुपाच्या चमच्यावर आहे. गुन्हा पुष्कळदा पुडीत असतो.

१४/
म्हणून बोईसरमध्ये काळजी अवश्य करावी. फक्त ती योग्य ठिकाणी करावी. आणि ती एकट्या कामगाराच्या संयमावर सोपवू नये. पाळी संपवून भुकेला माणूस स्थानकाबाहेर येतो तेव्हा त्याच्यासमोर स्वस्त आणि गरम असे जे असते, तेच तो खातो. कारखान्यांच्या उपाहारगृहांत डाळ, उसळ आणि सातपाटीची मासळी परवडणाऱ्या दराने मिळणे हा आरोग्याचा उपदेश नव्हे. ती व्यवस्थेची जबाबदारी आहे.

१५/
आता पूर्वेकडील ताट. ऑक्टोबर १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली मजुरांनी ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी मागितली आणि काम थांबवले. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखालील या लढ्यात तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच वारली मारले गेले. ते गवत जमीनदार आणि व्यापाऱ्यांमार्फत मुंबईच्या बाजारात जात असे. शहराच्या दुभत्या जनावरांचा चारा ज्या हातांनी कापला, त्या हातांच्या घरी पेज होती, दूध-तूप नव्हते. मेदाच्या इतिहासात सहसा न सांगितले जाणारे हे पान आहे.

१६/
१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. कारणे अनेक होती : रोजगाराचा अभाव, आजार, दूरची आरोग्यकेंद्रे. त्यांत एक साधे गणितही होते. एक ग्रॅम पिठातून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम मेदातून ९. लहान मुलाचे पोट पातळ पेजेने लगेच भरते, परंतु वाढीपुरती ऊर्जा त्यातून मिळत नाही. अशा मुलाच्या वाटीतील चमचाभर तेल ही चैन नव्हे. वाढीची तजवीज आहे.

१७/
जागतिक आरोग्य संघटनेची संपृक्त मेदाची मर्यादाही दोन वर्षांखालील बालकांना लागू नाही. त्यापुढील वाढत्या मुलांच्या आहारात एकूण मेदातून २५ ते ३५ टक्के ऊर्जा यावी, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे मत आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक मुलासाठी ४५० कॅलरी आणि ५ ग्रॅम तेल. म्हणजे त्या तेलातून जेमतेम १० टक्के ऊर्जा. डाळ-तांदळातून मिळणारा मेद थोडासाच. जेथे घरचे ताटही कोरडे, तेथे याच तेलात कपात सुचवली गेली.

१८/
अर्ध्या ग्रॅमने, म्हणजे साडेचार कॅलरींनी, कोणी मरणार नाही, हे खरे. शहरी मुलांतील लठ्ठपणा हीदेखील काल्पनिक भीती नव्हे. आक्षेप दिशेवर आहे. सुस्थितीतील अमेरिकी पुरुषांच्या मृत्यूंनी सुरू झालेली काळजी मोखाड्याच्या शाळेतील कढईपर्यंत पोचताना वाटेत कोठेही थांबून ‘हे ताट कोणाचे?’ असे विचारत नाही. सरासरीच्या नावाने काढलेला हुकूम भरल्या पोटाला सोयीचा आणि रिकाम्या पोटाला महाग पडतो.

१९/
याचा अर्थ मोखाड्यात तुपाचे डबे वाटावेत असा नाही. तेथील शेतकरी पिकवतो ती खुरासणी; तिचे तेल बहुतांशी असंपृक्त. भुईमूग आहे, अंडे आहे. राज्याची अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देते. त्यामागील विचार याच दिशेचा आहे. शाळेच्या कढईत स्थानिक तेल वाढवले, तर मुलाला ऊर्जा मिळेल, शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि संपृक्त मेदाचा प्रश्नही उद्भवणार नाही.

२०/
तूप विष आहे असे म्हणणारे आणि तूप अमृत आहे असे म्हणणारे, दोघेही वस्तूविषयी बोलतात; खाणाऱ्याविषयी नाही. पालघर जिल्ह्याचा इतिहास खाणाऱ्याकडे पाहावयास लावतो. बोईसरच्या ताटातून न दिसणारे तेल कमी व्हावे आणि मोखाड्याच्या ताटात दिसेल इतके तेल यावे. दोन्ही मागण्या एकाच वेळी, एकाच जिल्ह्यात, एकाच शास्त्राच्या आधारे करता येतात. त्यासाठी परिपत्रक काढण्यापूर्वी एकदा बोईसरहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारपर्यंत प्रवास करावा लागेल. रस्ता काही तासांचाच आहे.