‘भावी’ हा शब्द पुसण्यासाठी

मीरा-भाईंदरच्या नागरिकांचा जाहीरनामा

भाईंदर स्टेशनाबाहेर, मीरा रोडच्या पुलाशी, काशीमिऱ्याच्या नाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. मधोमध साहेबांचा हसरा फोटो, वर पक्षश्रेष्ठींचे छोटे गोल, खाली शुभेच्छुकांची दाटीवाटीने बसवलेली रांग. फ्लेक्सवर सगळं छापलेलं असतं. कितवा वाढदिवस, तेवढं नसतं. खालच्या रांगेतल्या एका चेहऱ्याखाली लिहिलेलं असतं: ‘भावी नगरसेवक’.

तो चेहरा आम्ही ओळखतो, तो आमचा मित्र आहे. दहा वर्षांपूर्वीच्या फ्लेक्सवरही तो तिथेच होता, तोच शब्द घेऊन. मधल्या काळात त्याने सभांच्या सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या, रात्री-अपरात्री लोकांना दवाखान्यात नेलं, म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी हेलपाटे घातले, पावसाळ्यात चाळीत पाणी शिरलं तेव्हा कंबरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. तिकीट मागायला गेला की उत्तर ठरलेलं: ‘तू अजून लहान आहेस, थांब.’ आता त्याचे केस विरळ झालेत, पोरगी शाळेत जायला लागली आहे. नावाखालचं ‘भावी’ मात्र जागचं हललेलं नाही.

हा एक शब्द पुसण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत. चळवळीला नाव अजून दिलेलं नाही, ते सगळ्यांनी मिळून ठरवू. काय हवंय, ते आज सांगतो.

आधी सरळ हिशोब मांडू. आपल्या राज्यघटनेने राजकारणात शिरण्याचं वय ठरवलं: नगरसेवकाला 21, आमदार-खासदाराला 25, विधान परिषद आणि राज्यसभेसाठी 30. मतदानाचं वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 21 वरून 18 वर आणलं, ते 1989 पासून लागू झालं. बाहेर पडण्याचं वय मात्र कुणीच ठरवलं नाही. राज्य सरकारचा अधिकारी 58 व्या वर्षी घरी जातो, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश 62 व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचा 65 व्या वर्षी. त्यांची बुद्धी त्या दिवशी आटते असं कुणी म्हणत नाही. मागच्याला जागा मिळावी म्हणून ती रेघ आखलेली असते. लोकप्रतिनिधीसाठी ही रेघ मतदार आखेल, असं घटनाकारांनी धरून चाललं असावं. पण पक्षाने यादीत ठेवलेल्या नावांतूनच मतदाराला निवड करायची असते, आणि त्या यादीत आमचा मित्र कधी येतच नाही.

आमचं भांडण म्हाताऱ्या माणसांशी आहे, असा अर्थ कुणी काढू नये. उत्तनला, पालीला समुद्रावर चला. वाळूत बसून जाळं सांधणारा एखादा बाबा भेटेल. बोटीवर आयुष्यभर तांडेल म्हणून सुकाणू धरलेला. आता सुकाणू पुढच्या माणसाकडे आहे, खलाशीही नवे आहेत. पण बोट लोटण्याआधी नवा तांडेल त्याच्याजवळ येऊन उकिडवा बसतो आणि विचारतो, ‘बाबा, वारा कसा वाटतोय?’ बाबा आभाळाकडे बघून सांगतो. ज्येष्ठांसाठी आम्हाला हीच जागा हवी आहे: शब्दाला मान असलेली आणि सुकाणू सोडलेली.

महाराष्ट्राला तरुण नेतृत्वाचं वावडं कधीच नव्हतं. चिमाजी अप्पांनी 1737 साली आमच्याच हद्दीतला घोडबंदर घेतला आणि 1739 साली खाडीपलीकडचा वसईचा किल्ला. वसई पडली तेव्हा त्यांचं वय बत्तीसच्या आसपास. थोरले माधवराव पेशवे झाले ते सोळाव्या वर्षी, पानिपतानंतरच्या राखेत. इतकं मागे जायचीही गरज नाही. शरद पवार 1967 साली सव्विसाव्या वर्षी आमदार झाले आणि 1978 साली सदतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री. त्या सदतीस वर्षांच्या माणसाला ‘थांब, अजून लहान आहेस’ असं कुणी म्हटलं नाही, किंवा म्हटलं तरी तो थांबला नाही.

तेच पवार 2 मे 2023 रोजी पक्षाध्यक्षपद सोडतो म्हणाले आणि तीन दिवसांत, कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर, निर्णय मागे घेतला. दोन महिन्यांनी, 5 जुलैला, वांद्र्याच्या सभेत अजित पवारांनी त्यांचं वय काढून थांबणार आहात की नाही, असं जाहीर विचारलं. महाराष्ट्राने तो प्रसंग घरातलं भांडण म्हणून पाहिला. आम्ही दुसरी गोष्ट पाहिली. ‘आम्हाला कधी संधी?’ असं विचारणारी ती पुढची पिढी स्वतः 63 वर्षांची होती. वरची जागा इतकी वर्षं अडली, की रांगेतला पुढचा माणूसही निवृत्तीचं वय ओलांडून गेला. त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांची आठवण आम्हाला कुणी ना कुणी करून देईलच. अकरा वेळा निवडून आले, एसटीने फिरले, ऐंशी उलटल्यावरही सभागृहात अभ्यास करून बोलले. त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो. असा माणूस पन्नास वर्षांत एखादा होतो, आणि नियम त्याच्याकडे बघून करायचा नसतो. शिवाय 2019 साली ते थांबले तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली आणि 2024 साली दुसरे नातू आमदार झाले. इतक्या थोर माणसाच्या मतदारसंघातही दुसरी फळी घरातच सापडावी, हे आम्हाला बोचतं.

वयाचा प्रश्न इथेच घराण्याच्या प्रश्नाला चिकटतो. तरुण कुठे दिसत नाहीत अशी ओरड झाली की पक्ष लगेच तरुण दाखवतात. आदित्य ठाकरे 29 व्या वर्षी आमदार झाले, रोहित पाटील 25 व्या. दोघांना आमच्या शुभेच्छा आहेत. लोकांनी निवडून दिलंय. पण रोहित यांचे वडील आर. आर. पाटील कसे आले, ते आठवा. घरची गरिबी, मागे आडनावाचं बळ नाही. बाविशीच्या आसपास, 1979 साली ते सांगली जिल्हा परिषदेवर निवडून गेले, तिथे अकरा वर्षं घासले, मग विधानसभेत. वडिलांना जिल्हा परिषदेची पायरी मिळाली म्हणून महाराष्ट्राला आबा मिळाले. आज एखाद्या तशाच घरातल्या मुलाला ती पायरी कोण देतंय?

सगळं या पायरीवर येऊन थांबतं. देवेंद्र फडणवीस 1992 साली नागपूरचे नगरसेवक झाले, सत्ताविसाव्या वर्षी महापौर. घरात राजकारण होतं, तरी सुरुवात पालिकेतच झाली. एकनाथ शिंदे 1997 साली ठाण्यातून नगरसेवक म्हणून वर आले. लागोपाठचे मुख्यमंत्री महापालिकेच्या पायरीवरून चढले. आणि आपण काय केलं? ती पायरीच काढून ठेवली.

मीरा-भाईंदर महापालिकेची निवडणूक ऑगस्ट 2017 मध्ये झाली आणि मुदत 2022 च्या ऑगस्टअखेर संपली. पुढची निवडणूक 15 जानेवारी 2026 ला झाली. मधली तीन वर्षं आणि वर साडेचार महिने या शहरात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाने अंदाजपत्रक केलं, त्यानेच मंजूर केलं. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचनेचे घोळ होते, आणि निवडणूक व्हावी अशी घाई कुणालाच नव्हती. अखेर मे 2025 मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेव्हाही मुदत वाढवून घेतली गेली. हा प्रकार एकट्या आमच्या शहरात झाला नाही, राज्यभर झाला. या काळात किती मुलं-मुली एकविशीत आली आणि दाराशी ताटकळली, याची मोजदाद कुणी केली नाही. एक हिशोब मात्र कुणालाही करता येईल: 2017 च्या मतदानानंतर महिन्याभरात अठरा पूर्ण केलेल्या मुलाने आपल्या नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं ते सव्विसाव्या वर्षी.

वरचे नेते म्हातारे झाले याचा राग आम्हाला कमी आहे. खालून येणारी वाट बंद झाली, याचा जास्त आहे. वाट मोकळी असती तर वरचे आपोआप बदलले असते.

आणि आमचं शहर म्हणजे काही जुनं गावठाण नाही. नगरपालिका झाली 1985 साली, महापालिका 2002 साली. खुद्द महापालिका आज चोवीस वर्षांची आहे! 2001 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेलं शहर दहा वर्षांत आठ लाखांवर गेलं. मिठागरं आणि खाडी यांच्या मधल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या इमारतींतली बहुतेक घरं तरुण जोडप्यांनी कर्ज काढून घेतली. त्यांची मुलं इथेच जन्मली, चर्चगेटच्या लोकलमध्ये लटकून कामाला लागली. शहर ज्यांच्या जोरावर चालतं, त्यांच्या वयाची माणसं सभागृहात बोटांवर मोजण्याइतकी तरी असावीत, एवढं मागणं जास्त आहे का?

कायद्याने जागा दिल्याशिवाय जागा मिळत नाही, हे बायकांनी आपल्याला शिकवलंय. महाराष्ट्रात पालिकांत अर्धं आरक्षण 2011 मध्ये आलं, तेव्हा सगळे म्हणत होते की बायका नावापुरत्या असतील, कारभार नवरे बघतील. काही ठिकाणी बघितलाही. पण आज आमच्या 95 जागांपैकी 48 महिलांच्या आहेत, आणि पाण्याच्या टँकरवरून सभागृहात अधिकाऱ्याला घाम फोडणारी नगरसेविका आता कुणाला नवल वाटत नाही. जागा आधी आली, माणसं मागून आली. तरुणांचंही तसंच होईल.

म्हणून आमची मुख्य मागणी अगदी साधी आहे. आमच्या शहरात 24 प्रभाग आहेत. एक तीन जागांचा, बाकी सगळे चार जागांचे. प्रत्येक पक्षाने आपल्या प्रत्येक पॅनलमध्ये तिशीच्या आतला एक उमेदवार द्यावा, आणि त्याच्या घरात कुणी आजी-माजी लोकप्रतिनिधी नसावा. चौघांत एक. म्हणजे प्रत्येक पक्षाचे चोवीस. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही की न्यायालय लागत नाही. एबी फॉर्मवर सही करणाऱ्या हाताची इच्छा लागते. पक्षांनी दिलं नाही तर चोवीस नावं आम्ही उभी करू.

दुसरी गोष्ट मुदतीची. एकाच पदावर सलग दोन मुदती झाल्या की तिसऱ्यांदा त्याच पदासाठी तिकीट नको, वय काहीही असो. वरच्या पदासाठी जरूर लढावं. आणि 75 पूर्ण झालेल्यांना कोणत्याच निवडणुकीचं तिकीट नको. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने केंद्रीय समितीसाठी हीच 75 ची मर्यादा 2022 मध्ये घातली आणि 2025 मध्ये मोठ्या नेत्यांना लागू केली. भाजपमध्ये हा आकडा लेखी नाही, पण 2014 पासून बोलला जातो. तो लेखी करा, आणि सगळ्यांना सारखा लावा. काहींना लागू आणि काहींना माफ, असा नियम नसला तरी चालेल.

थांबणं म्हणजे हरणं नव्हे, हे मराठी माणसांनीच करून दाखवलंय. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी 1977 साली मंत्रिपद नाकारलं आणि साठीत निवडणुकीचं राजकारण सोडलं. साठीनंतर नेत्यांनी समाजकार्यात जावं, असं ते म्हणत. स्वतः गोंड्यात आणि पुढे चित्रकूटला जाऊन राहिले. त्यांची खरी ओळख त्या गावांतल्या कामाने झाली. चिपळूणच्या लेक आणि इंदूरच्या सूनबाई सुमित्रा महाजन आठ वेळा खासदार झाल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. 2019 मध्ये तिकिटाचा निर्णय लांबत चालला तेव्हा त्यांनी स्वतःच पत्र लिहून कळवलं की आपण लढणार नाही.

आणि एक नाव आमच्याच हद्दीतलं. उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. देशभरातून माणसं तिथे लोकप्रतिनिधीचं काम शिकायला येतात. ज्यांच्या नावाने ती उभी आहे ते म्हाळगी 1977 आणि 1980 साली आमच्या ठाणे मतदारसंघाचे खासदार होते. वर्षभरात काय काम केलं त्याचा अहवाल छापून ते मतदारांपुढे ठेवत. आम्ही वेगवेगळ्या विचारांची माणसं आहोत, आमच्यातले निम्मे त्यांच्या पक्षाचे नाहीत. पण ही एक सवय आम्हाला सगळ्या 95 जणांकडून हवी आहे: दरवर्षी चार पानं, आपल्या प्रभागासाठी. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो आनंदाने छापेल, मग तो बावीसचा असो की बहात्तरचा.

ज्येष्ठांसाठीही काम आहे. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, मतदारांनी आपल्या भागापुरतं एकत्र बसून बोलण्याची. ती कागदावरून रस्त्यावर आणायला नियम पाठ असलेली, अधिकाऱ्यांना न घाबरणारी, दुपारी वेळ असलेली माणसं लागतात. आमच्या प्रत्येक प्रभागात अशी माणसं आहेत. काका, मावशी, दादा, आम्हाला तुमची गरज आहे. आमच्याजवळ येऊन बसा आणि वारा कसा आहे ते सांगा.

स्वतःसाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. आमच्यातल्या कुणाचाही फोटो फ्लेक्सवर लागणार नाही. या चळवळीत कुठलंही पद कुणी दोन वर्षांपेक्षा जास्त धरणार नाही. आणि आम्ही चाळिशी ओलांडली की निर्णयाच्या खुर्चीतून उठू. ही सही करताना आमच्यातल्या काहींचं वय अडतीस आहे. त्यांना हे ठाऊक आहे.

महापालिकेची पुढची निवडणूक वेळेवर झाली तर 2031 च्या सुरुवातीला होईल. ती वेळेवर व्हावी यासाठी 2030 च्या दिवाळीपासून आम्ही आयुक्तांच्या दारात आणि गरज पडली तर न्यायालयात उभे राहू. आज तुमच्या इमारतीत, तुमच्या चाळीत, तुमच्या पाड्यावर सोळा वर्षांची एक मुलगी आहे. दहावीचा निकाल लागलाय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात उभी राहून ऐकते, पाणी का येत नाही हे तिला सेक्रेटरीपेक्षा जास्त कळतं. त्या निवडणुकीत तिचं वय एकवीस असेल आणि ती कायद्याने उमेदवार होऊ शकेल. तिला जाऊन भेटा, पुढच्या बैठकीला तिला सोबत घेऊन या.