घर आणि विज्ञान : टाकीतील शेवाळ

समुद्रापासून इतक्या दूर, प्रवरेच्या काठी कोल्हारास, खाऱ्या पाण्यातील मासे पाळण्याची हौस कोणास होईल असे आम्हांस वाटले नव्हते. १९५१ साली मुंबईत उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या शेजारीच होते. परंतु हल्ली तयार मीठ विकत मिळते. लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या मानाने ते कालविले की समुद्र घरी येतो. आमच्या पुतण्याने दिवाळीत अशी टाकी मांडली. तिसऱ्या आठवड्यात काच व वाळू तपकिरी झाली. पुढे दोन लहान मासे सोडले, तोच दगडांवर हिरवे केस वाढू लागले. घरात दोन पक्ष पडले. वहिनींचे मत, हे पाणी ओतून टाकावे. पुतण्याचे मत, एखादे औषध घालावे.

आम्हांस दोन्ही मते पटली नाहीत. माशांच्या मळातून अमोनिया होतो. जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. या जंतूंचे बिऱ्हाड बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सर्व ओतून दगड-वाळू धुतल्यास पुन्हा श्रीगणेशा! औषधाने शेवाळ मरेल, पण कुजून त्याचेच खत पाण्यात उतरेल. तपकिरी थर बहुधा डायाटमचा असतो. पाण्यातील सिलिका संपली की तो आपोआप ओसरतो. हिरव्यास मात्र नायट्रेट, फॉस्फेट व उजेड हवा. ते तोडले पाहिजेत.

म्हणून शेवाळ हातांनी उपटले, दगड जुन्या दातघाशीने घासले, दिवा बारा तासांवरून आठ तासांवर आणला. माशांना खाणे कोण घालतो, याची चौकशी करता आजी, दोन नातवंडे व पुतण्या अशी चार नावे निघाली! एकत्र कुटुंबात पुण्यकर्मास वाटेकरी फार. खाण्याचा डबा एकाच्याच ताब्यात दिला. दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलले.

तरीही नायट्रेट उतरेना. अखेर पुतण्याने तपासणीचे थेंब नव्या पाण्यातच टाकले, आणि रंग गडद आला. दोष विहिरीचाच होता. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पिकला, आणि उसाबरोबर खतही आले. मुळांनी न घेतलेले नत्र पाण्याबरोबर खाली मुरते व विहिरीत उतरते.

तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. याच विहिरीचे पाणी उकळून चार महिन्यांच्या नातीचे भुकटीचे दूध कालवीत होतो! उकळल्याने रोगजंतू मरतात, नायट्रेट जात नाही. वाफ गेल्याने उलट दाट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. सहा महिन्यांखालील मुलांत त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व अंग निळसर पडू शकते. त्याच दिवशी ते पाणी बंद केले, नातीस डॉक्टरांस दाखविले व नमुना प्रयोगशाळेत पाठविला. नात सुखरूप आहे; पाणी मात्र मर्यादेबाहेर ठरले.

आता टाकीस व स्वयंपाकघरास आर. ओ. यंत्राचे पाणी आहे. परंतु अशी कित्येक यंत्रे चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळतात, म्हणून यंत्रातून येणारे पाणीही आम्ही तपासून घेतले. टाकीच्या एका कोपऱ्यात शेवाळ अजून आहे, तेही ओसरेल. ज्या घरी विहीर व तान्हे मूल दोन्ही आहेत, त्यांनी मात्र शेवाळाच्या सूचनेची वाट न पाहता पाणी तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.