डोळा गळतो, दोष दाढेचा
सशाचा एक डोळा सारखा पाणावतो, थेंब घातले की चार दिवस बरा वाटतो, पुन्हा तेच. मध्येच तो खाणं कमी करतो, लेंड्या बारीक पडू लागतात, आणि घरातले कधी हवेला, कधी दृष्टीला दोष देतात. कारण पुष्कळदा तोंडात असतं. सशाचे दात, अगदी दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात गवत चघळून. आपण मात्र चित्रातल्या सशावर विश्वास ठेवून गाजर नि बिस्किटं पुढे करतो! मग नीट न झिजलेल्या दातांची मुळं हाडात मागे सरकतात, अश्रुनलिकेवर दाब आणतात आणि डोळा गळू लागतो. ओठ उचलून पुढचे दात पाहिले म्हणजे तपासणी झाली, असं समजू नये. दाढा खोलवर असतात, मुळांसाठी डोक्याचा एक्स-रेच काढावा लागतो. त्यातून ससा दुखणं लपवण्यात पटाईत, कारण रानात आजारी दिसणारा आधी शिकार होतो. मान कलली, तर मात्र कानाचा संसर्ग किंवा मेंदूतला परजीवी शोधावा लागतो. सशानं अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. आणि घरातलं अँटिबायोटिक मनानं देऊ नका: तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिननं त्याच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, आणि ससाही दगावू शकतो.